कोणाच्या घड्याळाने?

खगोलशास्त्रावर बोलायला मला अधूनमधून बोलावतात, आणि खरे सांगायचे तर भाषणापेक्षा नंतरची प्रश्नोत्तरे मला अधिक आवडतात. प्रश्न बहुधा ठरलेले असतात. वेगाने प्रवास केला तर माणूस खरोखरच कमी म्हातारा होतो का, कृष्णविवरात पडणाऱ्याचे काय होते, विश्व प्रसरण पावते तर ते कशात पसरते, आणि प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नसेल तर दूरच्या दीर्घिका प्रकाशाहून अधिक वेगाने कशा लांब जातात. पूर्वी मी यांतल्या प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र उत्तर देत असे. कालांतराने लक्षात आले की विचारणारे निरनिराळे असले तरी अडखळण्याची जागा बहुतेकदा एकच असते: सगळ्या विश्वाला लागू पडणारे एक मोठे घड्याळ कुठेतरी टांगलेले आहे आणि आपली मनगटावरची घड्याळे त्याच्याशी जुळवलेली आहेत, हे गृहीत प्रश्नाच्या शब्दांतच मुरलेले असते. म्हणून हल्ली मी आधी उलट विचारतो, "कोणाच्या घड्याळाने?" काहींना ती टोलवाटोलवी वाटते. माझ्या मते निम्मे उत्तर तिथेच मिळते.

आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशिष्ट सापेक्षतेनुसार आपल्याला वेगाने जाताना दिसणारे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा मंद चालते, आणि १९१५ च्या व्यापक सापेक्षतेनुसार जड वस्तूच्या जवळचे घड्याळ लांबच्या घड्याळापेक्षा मंद चालते. यातली दुसरी गोष्ट आपल्या अंगावरच घडत असते. उभ्या माणसाचे पाय डोक्यापेक्षा पृथ्वीच्या केंद्राला जवळ असल्यामुळे पायांचा काळ किंचित सावकाश जातो. वर्षभर अखंड उभे राहिलेल्या माणसाचे डोके त्याच्या पायांपेक्षा सेकंदाच्या सुमारे सहा अब्जांशांनी थोरले होईल. हा हिशोब केवळ कागदावरचा आहे असे वाटत असेल तर २०१० मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग आठवावा. तेथील मानक व तंत्रज्ञान संस्थेत दोन अत्यंत अचूक अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटीमीटर वर उचलले आणि ते खालच्यापेक्षा जलद चालते हे प्रत्यक्ष मोजले. पायऱ्यांच्या जेमतेम दोन टप्प्यांएवढी ही उंची. हाच फरक पृथ्वीच्या पोटापर्यंत नेऊन साडेचारशे कोटी वर्षे साठू दिला, तर पृथ्वीचे केंद्र तिच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी लहान निघते.

मोबाइलमधल्या जीपीएसचे उदाहरण सर्वजण देतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांची घड्याळे वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणजे एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ११ किलोमीटर जातो, म्हणून 'सापेक्षता विसरलो तर नकाशा दिवसाला ११ किलोमीटर चुकेल' असे सर्रास लिहिले जाते. हे विधान मला थोडे फुगवलेले वाटते, कारण मोबाइल निरनिराळ्या उपग्रहांच्या वेळांमधला फरक वापरतो आणि सर्व घड्याळांत सारखीच असलेली चूक त्यात बरीचशी गळून पडते. पण घड्याळांची दुरुस्ती मात्र खरीच करावी लागते: उपग्रहावरच्या घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्‌झपेक्षा अगदी किंचित कमी, १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्‌झ इतकी ठेवलेली असते, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला ती बरोबर १०.२३ भासते. एकाच यंत्रणेतल्या घड्याळांना मुद्दाम वेगळ्या गतीने चालायला लावल्याशिवाय ती एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांकडे पाहिले की जितके पटते तितके माझ्या कोणत्याही भाषणाने पटत नाही.

यावर नेहमीची शंका अशी येते की घड्याळ मंदावेल, पण काळ कसा मंदावेल? इथे मी म्यूऑन नावाच्या कणाचा आधार घेतो, कारण त्याच्यात दाते नाहीत, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर विश्वकिरणांच्या आघातातून तो जन्मतो आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत नष्ट होतो. प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी एवढ्या आयुष्यात त्याने साधारण ६६० मीटर जावे. प्रत्यक्षात असंख्य म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, आणि रॉसी व हॉल यांनी १९४१ मध्ये त्यांची मोजदाद करून वेगवान म्यूऑन अधिक काळ टिकतात हे दाखवले. आपल्या घड्याळाने म्यूऑनचे आयुष्य लांबलेले असते. म्यूऑनच्या स्वतःच्या हिशोबात आयुष्य तेवढेच राहते, मात्र त्याच्याकडे धावत येणारे वातावरण आक्रसून पातळ झालेले असते. दोघांचे हिशोब वेगळे, पण कण जमिनीवर पोहोचला यावर दोघांचे एकमत आहे. सापेक्षतेत सगळेच सापेक्ष असते हा समज खरा नाही. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेबद्दल दोन निरीक्षकांत कधीच वाद नसतो.

जुळ्या बहिणींचा प्रश्न यापेक्षा चिवट आहे. एक घरी राहते, दुसरी प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने ८ प्रकाशवर्षे लांब जाऊन परत येते. घरच्या बहिणीची २० वर्षे होतात आणि प्रवासिनीची १२. यावर चतुर श्रोता म्हणतो की प्रवासिनीच्या दृष्टीने घरचीच बहीण लांब गेली आणि परत आली, मग तीच तरुण का राहू नये? समीकरणांपेक्षा मला इथे टपालाचा हिशोब अधिक पटतो. दोघी आपापल्या घड्याळाने दरवर्षी एक निरोप प्रकाशाच्या वेगाने पाठवतात असे ठरवू. लांब जाताना निरोप विरळ येतात, दर तीन वर्षांना एक. जवळ येताना दाट येतात, वर्षाला तीन. प्रवासिनीची जातानाची सहा वर्षे आणि येतानाची सहा: पहिल्या सहांत तिला २ निरोप मिळतात आणि पुढच्या सहांत १८, एकूण २०. आता घरी पाहू. प्रवासिनी दहाव्या वर्षी वळते, पण वळल्याची वार्ता घरी यायला आणखी ८ वर्षे लागतात, म्हणून विरळ निरोपांचा काळ तब्बल १८ वर्षे चालतो आणि त्यात ६ निरोप येतात. उरलेल्या २ वर्षांत दाटीवाटीने आणखी ६ येतात, एकूण १२. पाठवलेले आणि मिळालेले निरोप दोन्हीकडे तंतोतंत जुळतात, आणि दोघींमधली विषमताही डोळ्यांसमोर येते: जी वळते तिला टपालातला बदल वळताक्षणी दिसतो, जी वळत नाही तिला तो फार उशिरा दिसतो. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर मांडावा, विरोधाभास म्हणावे असे त्यात काहीच शिल्लक राहत नाही.

प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही या वेगमर्यादेबद्दल एवढेच सांगतो, की 'वेगाबरोबर वस्तुमान वाढते' ही शाळेतली भाषा मी टाळतो, कारण तिच्यातून वस्तू आतून जाडजूड होते असे चित्र उभे राहते. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या मोठ्या त्वरकात, म्हणजे कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रात, प्रोटॉनची ऊर्जा साडेसहा हजार अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेली, तेव्हा त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला जेमतेम ३ मीटरने कमी होता. ऊर्जा आणखी दुप्पट केली असती तर ही तूट पाऊण मीटरवर आली असती. ती कितीही घटली तरी शून्य होत नाही.

आता गुरुत्वाकर्षण. ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवायचा आणि त्याच्याभोवती गोट्या फिरवून दाखवायच्या, हा खेळ मीही पुष्कळदा केला आहे आणि आता सोडून दिला आहे. चादरीला खड्डा पडतो तो मुळात पृथ्वी गोळ्याला खाली ओढते म्हणून, म्हणजे ज्याचे स्पष्टीकरण द्यायचे तेच उसने घेऊन आपण काम भागवतो. त्याहून मोठी उणीव अशी की चादरीवर फक्त अवकाश वाकलेले दिसते, तर आपल्या हातातून सुटलेला चेंडू खाली का येतो याचे जवळजवळ सगळे उत्तर काळाच्या वक्रतेत आहे. खाली काळ सावकाश आणि वर जलद, या अतिसूक्ष्म फरकातूनच वस्तूंचा खाली येण्याचा मार्ग ठरतो. डोक्याचे आणि पायांचे घड्याळ वेगळे चालणे हा गुरुत्वाकर्षणाचा किरकोळ परिणाम नाही, पृथ्वीजवळ गुरुत्वाकर्षण बव्हंशी तेच आहे.

हाच फरक टोकाला गेला की कृष्णविवर. कार्ल श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या काढलेल्या उत्तरानुसार सूर्याएवढे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबले तर त्याभोवती घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही अशी सीमा, तयार होते. पृथ्वीसाठी हीच त्रिज्या ९ मिलिमीटर आहे. कृष्णविवर सगळे ओढून घेते ही भीती निराधार आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले तर आठ मिनिटांनी अंधार होईल, पण पृथ्वी आपल्या कक्षेत पूर्वीसारखीच फिरत राहील. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि एस-२ नावाचा तारा त्याभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. अशा ताऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्याबद्दल गेंझेल आणि गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले. ओढून घ्यायचेच असते तर हा तारा केव्हाच दिसेनासा झाला असता.

आत पडणाऱ्याचे काय होते, या प्रश्नाला माझा प्रतिप्रश्न सर्वांत नेमका लागू पडतो. लांबून पाहणाऱ्याच्या घड्याळाने पडणारा क्षितिजाशी पोहोचतच नाही: तो सावकाश होत जातो, त्याच्याकडून येणारा प्रकाश तांबडा, मग अवरक्त, मग रेडिओ लहरींसारखा लांबट होतो. एकेकाळी याच कारणाने या वस्तूंना गोठलेले तारे म्हणत. पण 'गोठलेला' या शब्दाने कोणीतरी क्षितिजावर चिकटून कायम दिसत राहील असा भास होतो, तो चुकीचा आहे. दहा सूर्यांएवढ्या कृष्णविवराजवळ हे चित्र मिलिसेकंदांच्या हिशोबात विझते, आणि शेवटचा प्रकाशकण येऊन गेल्यावर पाहायला काही उरत नाही. पडणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाने मात्र क्षितिज केव्हाच मागे पडलेले असते, आणि ओलांडताना तिथे भिंत, पाटी किंवा धक्का असे काहीच नसते.

अर्थात तोपर्यंत तो जिवंत असला पाहिजे. डोके आणि पाय यांवरच्या ओढीतला फरक त्याला ताणतो, आणि इथे लोकांचा अंदाज हमखास उलटा असतो: कृष्णविवर जितके लहान तितकी ही ताण भयंकर. दहा सूर्यांच्या कृष्णविवरापाशी माणूस क्षितिजाच्या बराच आधी फाटून जाईल. एम-८७ दीर्घिकेतले कृष्णविवर, ज्याची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगासमोर आली, सुमारे ६५० कोटी सूर्यांचे आहे, आणि त्याचे क्षितिज ओलांडताना पडणाऱ्याला काही जाणवणारही नाही. क्षितिजाची त्रिज्या घेऊन साध्या गोलाचे घनफळ काढले तर या राक्षसी वस्तूची सरासरी घनता हवेपेक्षाही कमी येते. आत शिरल्यावर मात्र त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने जास्तीत जास्त साधारण २८ तास उरतात. 'यान उलट दिशेने जोरात चालवले तर?' असे विचारले जाते. आत सिंग्युलॅरिटी, म्हणजे आत पडलेल्या सगळ्याचा शेवट, ही समोरची जागा राहिलेली नसते, ती उद्यासारखी असते. आणि कुठल्याही दिशेला यान वळवून उद्या टाळता येत नाही.

एक प्रश्न मला एका शाळकरी मुलीने विचारला होता आणि त्या दिवशी माझी चांगलीच अडचण झाली. मी फुग्यावर शाईने ठिपके काढून तो फुगवत होतो, ठिपके एकमेकांपासून लांब जात होते, आणि विश्व असे प्रसरण पावते असे मी सांगत होतो. तिने विचारले, "फुग्याच्या आत काय आहे?" मी सांगितले की फक्त रबराचा पृष्ठभाग म्हणजे विश्व समजायचे, आत-बाहेर विसरायचे. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण ठिपकेसुद्धा मोठे झाले." तिचे दोन्ही आक्षेप बिनतोड होते. ठिपके फुगले, दीर्घिका फुगत नाहीत, कारण दीर्घिका, सूर्यमाला, अणू आणि आपण स्वतः आपापल्या बलांनी घट्ट बांधलेले असतो आणि प्रसरण तिथे लागू पडत नाही. देवयानी दीर्घिका तर सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे.

त्यानंतर मी फुगा बाजूला ठेवून दोन पारदर्शक प्लास्टिकचे कागद वापरू लागलो. एकावर वेडेवाकडे विखुरलेले शेदोनशे ठिपके आणि दुसऱ्यावर तेच ठिपके, चित्र दहा टक्क्यांनी मोठे करून. एकावर एक कागद ठेवून कोणताही एक ठिपका त्याच्याच जोडीदारावर बसवला की बाकीचे सगळे त्या ठिपक्यापासून बाहेर पळताना दिसतात, जवळचे थोडे सरकलेले, लांबचे जास्त. वरचा कागद बोटाने किंचित सरकवून दुसराच ठिपका जुळवला की तोच केंद्र बनतो आणि आधीचे केंद्र इतरांसारखे पळू लागते. लमेत्रने १९२७ मध्ये आणि हबलने १९२९ मध्ये दाखवलेले नाते हेच आहे: जितके अंतर जास्त तितका लांब जाण्याचा वेग जास्त. त्यासाठी ना मध्यबिंदू लागतो, ना कडा, ना पसरायला बाहेरची मोकळी जागा. अंतरे वाढतात, बस. 'कशात पसरते' याचे उत्तर 'कशातही नाही' असे आहे, आणि ते ऐकून समोरच्याचे समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, पण कागद हातात दिल्यावर निदान केंद्राचा आग्रह सुटतो.

दीर्घिका प्रत्यक्षात लांब जात नसून प्रकाशच वाटेत थकून तांबडा होतो, अशी एक जुनी कल्पना आहे आणि ती अजूनही कोणी ना कोणी मांडतोच. तिला उत्तर पुन्हा घड्याळानेच दिले. प्रकाश नुसता थकत असता तर स्फोट पावणाऱ्या ताऱ्याचा रंग बदलला असता, पण त्याचे उजळणे आणि मावळणे नेहमीच्या गतीने झाले असते. निरीक्षणात लहरी ज्या प्रमाणात ताणलेल्या दिसतात त्याच प्रमाणात स्फोटाचा अवधीही लांबलेला दिसतो. लहरी दुप्पट तर चढउतारही दुप्पट दिवसांचा.

विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असताना दृश्य विश्वाची कड ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर कशी, याचे उत्तर सावकाश समजून घेण्यासारखे आहे. पेन्झियास आणि विल्सन यांना १९६५ मध्ये सापडलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी आपल्याकडे येणारा विश्वाच्या बालपणीचा मंद प्रकाश, विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघाले. ज्या ठिकाणाहून आजचा प्रकाश आला ते ठिकाण तेव्हा आपल्या जागेपासून अवघ्या ४ कोटी प्रकाशवर्षांवर होते. पण मधले अवकाश इतक्या झपाट्याने वाढत होते की आपल्याकडे निघालेला तो प्रकाश सुरुवातीला आपल्यापासून लांबच जात राहिला, ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्टीवरून चालणाऱ्या मुंगीसारखा. पुढे प्रसरण मंदावले आणि त्याला पुढे सरकता आले. ४ कोटी प्रकाशवर्षांची वाट चालायला त्याला १३८० कोटी वर्षे लागली, आणि तेवढ्यात ते ठिकाण ४६०० कोटींवर गेले. कोणतीही वस्तू शेजारून जाणाऱ्या प्रकाशाला मागे टाकत नाही, हा नियम यात कुठेही मोडत नाही; मोठ्या अंतरांची बेरीज वाढण्याचा वेग प्रकाशाहून जास्त असायला मात्र काहीच आडकाठी नाही.

अशाच एका प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी माझेच शस्त्र माझ्यावर चालवले: "१३८० कोटी वर्षे, पण कोणाच्या घड्याळाने?" इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. त्याचे उत्तर असे, की ज्या घड्याळाला ते पार्श्वप्रारण सर्व दिशांनी सारखेच उबदार दिसते त्या घड्याळाने. आपली सूर्यमाला या प्रारणाच्या संदर्भात सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहे, म्हणून एका बाजूचे आकाश सरासरीहून हजारांश भागाने तप्त आणि उलट बाजूचे तेवढेच थंड दिसते. सुरुवातीपासून याच वेगाने धावत आलेल्या घड्याळाने मोजले असते तर वयात साधारण दहा हजार वर्षांची तूट आली असती, म्हणजे १३८० कोटींच्या मानाने नगण्य. सगळ्या विश्वाचे एक घड्याळ नाही असे सांगत फिरणाऱ्या मला मान्य करावे लागले की विश्वाने आपल्यापुरते एक सोयीचे घड्याळ दिलेले आहे. ते सक्तीचे नाही, इतकेच.

प्रसरणाचा वेग वाढत आहे हे १९९८ मध्ये दूरच्या ताराविस्फोटांवरून कळले. हा वेग असाच वाढत राहिला तर सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. तरी ती दीर्घिका आपल्या दुर्बिणीतून अचानक नाहीशी होत नाही. तिचा जुना प्रकाश येतच राहतो, दरवेळी अधिक तांबडा, अधिक मंद. तिच्यातला एकेक क्षण पोहोचायला आपल्याकडचा अधिकाधिक काळ लागतो, आणि आपल्या घड्याळाने ती सीमा ओलांडताना कधीच दिसत नाही. कृष्णविवराच्या क्षितिजाशी मंदावत गेलेल्या त्या माणसासारखेच हे आहे. तिथे राहणारा कोणी असेल तर त्याचे घड्याळ नेहमीसारखेच चाललेले असेल, आणि त्याच्या दुर्बिणीत आपली आकाशगंगा तांबडी होत, सावकाश होत चाललेली असेल.